वरळीचा बेडूक, तीन नावं आणि डॉक्टर कार्टर

पेटची तयारी करणारे किंवा नुकतेच गाईड मिळालेले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नक्की काय करायचं? पन्नास पेपर वाचायचे, प्रत्येकावर एक परिच्छेद लिहायचा आणि सालाच्या क्रमाने लावून द्यायचे, एवढंच का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण का नाही, हे नियम सांगून पटत नाही, एखादं खरं प्रकरण घेतलं की पटतं. म्हणून आजचा लेख थोडा इतिहासाचा आहे. तो आहे वरळीच्या बेडकाचा, आणि मुंबईत सरकारी नोकरी करताकरता या बेटाचा भूगर्भ वाचणाऱ्या एका डॉक्टरचा.

हो, वरळी म्हणजे आपली वरळीच. लालबाग-परळहून बसने जातो ती. जीवाश्म म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुजरातमधली डायनोसॉरची अंडी येतात, नाहीतर थेट अमेरिकेतली वाळवंटं. मी स्वतः प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होईपर्यंत मुंबई बेटावरून एका जीवाश्म बेडकाची नोंद झालेली आहे, हे कुठल्याच तासाला ऐकलं नव्हतं. आणि ही नोंद आजकालची नाही, १८४७ सालची आहे. तेव्हा मुंबईत रेल्वेसुद्धा धावत नव्हती.

लाव्हाच्या दोन थरांमधला चिखल

आधी थोडं भूशास्त्र, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक लोट यायचा, थंड व्हायचा, मग मध्ये काही काळ शांतता. या शांततेच्या काळात खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, कडेला झाडं उगवायची, पाण्यात किडे, शिंपले, मासे, बेडूक यायचे. तळ्याच्या तळाशी चिखल साचायचा आणि मेलेले जीव त्यात गाडले जायचे. मग पुन्हा लाव्हाचा लोट येऊन ते सगळं झाकून टाकायचा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या या गाळाच्या खडकांना इंटरट्रॅपियन थर म्हणतात. मराठीत कुठे कुठे 'अंतरा-ट्रॅपी' असंही लिहिलेलं दिसेल.

म्हणजे बघा, लाव्हामध्ये जीवाश्म मिळत नाहीत, पण लाव्हाच्या पोटात अडकलेल्या या पातळ थरांमध्ये मिळतात. ट्रॅपच्या काळात इथे कोण राहत होतं, याचा जवळजवळ सगळा पुरावा या थरांमधून येतो.

आता मुंबई. बेटाच्या पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळी अशी टेकड्यांची एक रांग आहे. या रांगेतल्या बेसाल्टचा उतार पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे आहे. थर पश्चिमेकडे कललेले असतील तर त्यांच्या खालचा थर कुठे उघडा पडणार? पूर्वेच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी. वरळीच्या बेसाल्टखाली असाच एक गडद रंगाचा, पापुद्र्यांचा, गोड्या पाण्यात साचलेला थर आहे. त्याच्या पूर्वेला पूर्वी सखल जमीन होती, आणि महालक्ष्मी ते वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी हॉर्नबी वेलार्ड बांधून ते खिंडार बुजवलं. पुढे बेट भरत गेलं, खोदकामं वाढली, आणि खोदकाम आलं की जमिनीखालचा थर माणसाच्या नजरेला पडणार, हे ओघाने आलंच.

१८४७: जेमतेम दोन पानं

जॉर्ज थॉमस क्लार्क हा इंग्लंडचा रेल्वे इंजिनियर १८४०च्या दशकात मुंबईत होता. घाटातून रेल्वे नेता येईल का, मुंबईच्या सांडपाण्याची व्यवस्था कशी करावी, अशी त्याची कामं. त्याने मुंबईतल्या या थराची माहिती आणि बेडकांचे जीवाश्म लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपर्यंत पोचवले. तिथे ते रिचर्ड ओवेनकडे गेले. हा तोच ओवेन, ज्याने १८४२ मध्ये 'डायनोसॉरिया' हा शब्द जगाला दिला.

ओवेनने क्लार्कच्या पत्राला जोडून एक पुरवणी टीप लिहिली. जेमतेम दोन पानांची. त्यात त्याने या बेडकाला नाव दिलं राना पुसिला. लॅटिनमध्ये 'राना' म्हणजे बेडूक आणि 'पुसिला' म्हणजे इवलासा. थोडक्यात, 'छोटा बेडूक'.

आज वाचताना हे नाव फारच ढोबळ वाटतं. पण त्या काळात राना हे प्रजातीचं नाव खूप मोठ्या पोत्यासारखं वापरलं जायचं. बेडकासारखा बेडूक दिसला की राना. ओवेनसमोर भारतातल्या जिवंत बेडकांचे आज आहेत तसे सांगाडे मांडून ठेवलेले नव्हते, आणि थराचं वय किती हेही कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं. समोर चपटा झालेला एक सांगाडा आणि हजारो मैलांवरून आलेलं एक पत्र, एवढ्या भांडवलावर जे सांगता येईल तेवढं त्याने सांगितलं. संशोधनात पहिली नोंद बहुधा अशीच असते. आपण मात्र तिला शेवटचा शब्द समजून सायटेशन देऊन मोकळे होतो.

तलाव ओळखणारा डॉक्टर

ओवेनने प्राणी पाहिला. पण तो प्राणी ज्या जागेत राहत होता ती जागा कोणी पाहिली? ते काम मुंबईत बसून हेन्री जॉन कार्टरने केलं.

कार्टर १८१३ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या बडली सॉल्टरटन या किनाऱ्यावरच्या गावात जन्मला. डॉक्टर झाला आणि १८४२च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या वैद्यकीय सेवेत आला. काही काळ तो 'पॅलिन्युरस' नावाच्या सर्वेक्षण जहाजावर सर्जन होता. हे जहाज अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची मोजणी करत होतं. जहाजाचं काम नकाशाचं, कार्टरचं काम खलाशांच्या तब्येतीचं. पण त्याने त्या किनाऱ्याच्या खडकांच्या इतक्या नोंदी केल्या की पुढे त्यावर स्वतंत्र लेख झाला.

मुंबईत परतल्यावर त्याचं लक्ष गेलं तलावांकडे. तेव्हाची मुंबई तलावांची होती. आज गिरगावच्या आसपास सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक अशी नुसती नावं उरली आहेत, पाणी कुठेच नाही. पण १८४०च्या दशकात मुंबईत पिण्याचं पाणी तलाव-विहिरींतूनच यायचं. विहारचं पाणी यायला अजून वेळ होता. कार्टरने मुंबईच्या तलावांमध्ये वाढणाऱ्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास सुरू केला. स्पंज ही वनस्पती की प्राणी, हा वादसुद्धा तेव्हा पुरता मिटलेला नव्हता. मुंबईच्या तलावातल्या स्पंजांवरचं त्याचं काम १८४०च्या दशकाच्या अखेरीस छापलं गेलं, आणि गोड्या पाण्यातल्या एका स्पंजाच्या नावात पुढे त्याचं नाव आलं. तो स्पंज आज युनेपियस कार्टेरी म्हणून ओळखला जातो.

आता हे सगळं मी बेडकाच्या लेखात का सांगते आहे? कारण याच माणसाने १८५२ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लेख लिहिला, आणि त्यात वरळीच्या त्या गडद थराला गोड्या पाण्यात साचलेला थर म्हणून मांडला. त्या थरात वनस्पतींचे तुकडे आहेत, सायप्रिससारख्या शिंपलेधारी बारीक जीवांची कवचं आहेत, बेडूक आहेत. जो माणूस रोज जिवंत तलावाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, त्याला दगडातला तलाव ओळखता येतो. हे माझं वाचन आहे, कार्टरने असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण पुराजीवशास्त्रात येऊ इच्छिणाऱ्यांना मी हेच सांगेन की जीवाश्म वाचायचे असतील तर आधी जिवंत प्राणी नीट बघा. पावसाळ्यात तुमच्या कॉलेजमागच्या डबक्यातला एक थेंब स्लाइडवर घेतलात तरी सायप्रिसचे भाऊबंद भेटण्याची शक्यता आहे.

कार्टर एकटा नव्हता, हेही लक्षात घ्या. 'बॉम्बे टाइम्स'चा संपादक जॉर्ज बुइस्ट याने १८५१ मध्ये मुंबईच्या भूशास्त्रावर लिहिलं. तिकडे नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी टाकळीच्या आसपासचे जीवाश्म गोळा करून १८५५ मध्ये लेख छापला. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे तेच हे हिस्लॉप. एक डॉक्टर, एक पत्रकार, एक मिशनरी, एक इंजिनियर. 'पुराजीवशास्त्रज्ञ' या हुद्द्याची नोकरी यांच्यापैकी कुणाकडेच नव्हती. १८५७ मध्ये कार्टरने पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरचे विखुरलेले लेख एकत्र करून एक जाडजूड संग्रह सरकारसाठी संपादित केला. तो भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापला गेला. आज आपण ज्याला रिव्ह्यू म्हणतो तेच काम त्याने केलं, आणि त्याच्या आधीच्यांचे लेख पुढच्यांना एका जागी मिळाले ते त्यामुळे.

१८५९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १८६२ मध्ये नोकरी संपवून गावी परतला, आणि उरलेलं आयुष्य मुख्यतः स्पंजांवर घालवलं. १८७२ मध्ये त्याला रॉयल मेडल मिळालं, तेही प्राणिशास्त्रातल्या, विशेषतः स्पंजांवरच्या कामासाठी. १८९५ मध्ये बडली सॉल्टरटनलाच तो वारला.

इथे एक सावधानता. कार्टर नावाचे दोन डॉक्टर त्या काळात मुंबईत होते. दुसरा हेन्री वँडाइक कार्टर. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या पुस्तकाची चित्रं काढणारा, १८५८ मध्ये मुंबईत आलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारा आणि कुष्ठरोगावर काम करणारा. दोघंही हेन्री, दोघंही डॉक्टर, दोघंही सूक्ष्मदर्शकवाले, आणि १८५८ ते १८६२ दोघंही याच शहरात. संदर्भयादीत नुसतं 'एच. कार्टर, मुंबई' असं दिसलं तर मूळ लेख उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कासवाच्या नावात दोन डॉक्टर

वरळीच्या याच थरातून एक कासवही मिळालं. ते मिळवलं डॉ. अँड्र्यू लीथ यांनी. हे लीथ म्हणजे १८६४ मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिणारे. गटारं, दाटीवाटी, मृत्यूंचे आकडे, असा तो सगळा विषय. शहराच्या आरोग्याच्या इतिहासात त्यांचं नाव येतं, आणि आपल्या नद्यांमधल्या एका जिवंत मऊ पाठीच्या कासवाच्या नावातही ते आहे.

कार्टरने १८५२ मध्ये या जीवाश्म कासवाचं वर्णन केलं आणि नाव दिलं टेस्टुडो लीथी; पुढे ते हायड्रॅस्पिस या प्रजातीत नेलं गेलं. हायड्रॅस्पिस हे दक्षिण अमेरिकेतल्या कासवांसाठी वापरलं जाणारं नाव. ही कासवं मान सरळ आत न ओढता कवचाखाली आडवी वळवून घेतात. भारतात आज आडव्या मानेचं एकही कासव रानात नाही. म्हणजे वरळीच्या तळ्यात असा एक गट होता जो पुढे इथून नाहीसाच झाला, एवढं कार्टरच्या वर्णनातून बरोबर निघतं.

मग शंभर वर्षांनी, १९५०च्या दशकात, अर्नेस्ट विल्यम्स या अमेरिकन तज्ज्ञाने दाखवलं की आडव्या मानेचं हे खरं, पण घराणं वेगळं. हे कासव पेलोमेड्युसिड गटातलं, ज्याचे जिवंत नातेवाईक आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. त्याला नवं प्रजातीनाव मिळालं कार्टेरेमिस, म्हणजे कार्टरचं कासव. पूर्ण नाव कार्टेरेमिस लीथी. १९७७ मध्ये एस. एल. जैन यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याहून याच प्रजातीत दुसरी जात नोंदवली. वर्णन करणारा आणि शोधणारा, मुंबईचे दोन्ही डॉक्टर एका कासवाच्या नावात बसले. यात गंमत आहेच, पण कामाचा मुद्दा असा की कार्टरची वर्गवारी चुकली तरी वर्णन टिकलं. कवचावरच्या रेषा त्याने दिसल्या तशा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून शंभर वर्षांनी दुसऱ्या माणसाला त्याच माहितीवर वेगळा निष्कर्ष काढता आला.

बेडूक तोच, नाव तिसरं

आता पुन्हा बेडकाकडे.

१८६९ मध्ये फर्डिनांड स्टोलिच्का याने वरळीच्या बेडकाच्या हाडांवर टीप लिहिली. स्टोलिच्का मोरावियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला, आणि नोकरीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात. त्याने म्हटलं, हा राना नव्हे, ऑक्सिग्लॉसस. म्हणजे आशियातल्या पाणथळ जागी राहणाऱ्या छोट्या बेडकांचा भाऊबंद. नाव झालं ऑक्सिग्लॉसस पुसिलस. पाच वर्षांनी, १८७४ मध्ये, हाच स्टोलिच्का लडाखच्या वाटेवर विरळ हवेने आजारी पडून गेला. त्याची समाधी लेहला आहे.

मग साठेक वर्षं फारसं काही नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधल्या ग्लॅडविन किंग्सली नोबल याने मुंबईच्या जीवाश्म बेडकांवर निबंध लिहिला. नोबलने त्याआधी जगभरच्या बेडकांचं वर्गीकरण हाडं आणि मांडीचे स्नायू बघून नव्याने लावलं होतं. जीवाश्मात स्नायू कुठून मिळणार? पण हाडं होती, आणि हाडांचं काय बघायचं याची त्याच्याकडे नवी यादी होती. त्याचा निष्कर्ष: हा आशियातल्या नेहमीच्या बेडकांपैकी नाहीच. याचं नातं ऑस्ट्रेलियातल्या क्रिनियासारख्या बेडकांशी दिसतं. त्याने नवी प्रजाती केली इंडोबॅट्रॅकस, आणि आज आपण वापरतो ते नाव आलं: इंडोबॅट्रॅकस पुसिलस.

साल बघा, १९३०. खंड सरकतात हे वेगेनरचं म्हणणं तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. अशा काळात कोणी म्हणतो की मुंबईच्या बेडकाचं नातं ऑस्ट्रेलियाशी आहे. आज आपल्याला माहीत आहे की भारत गोंडवन या दक्षिणेच्या महाखंडातून तुटून उत्तरेला आला, आणि वरळीच्या तळ्यात बेडूक ओरडत होते तेव्हा भारत आशियाला धडकायचा होता. २००३ मध्ये बिजू आणि बोसाइट यांनी केरळच्या सह्याद्रीतून जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस, जाहीर केला आणि त्याचं जवळचं नातं सेशेल्स बेटांवरच्या बेडकांशी निघालं, तेव्हा भारतातल्या बेडकांचा गोंडवनी वारसा पुन्हा चर्चेत आला. नोबलचं नेमकं नातं आज जसंच्या तसं धरायचं का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण 'हा बेडूक दक्षिणेचा असेल का' हा प्रश्न त्याने टाकला, आणि तो प्रश्न टिकला.

१९४० मध्ये जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये वरळीच्या टेकडीवरून इंडोबॅट्रॅकसची आणखी एक जात मांडली, इंडोबॅट्रॅकस ट्रिव्हिअलिस. चिपळूणकर त्या काळात बनारस हिंदू विद्यापीठात होते आणि नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाग थरांच्या सागरी जीवाश्मांवर त्यांचे लेख येत होते. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम पुढे नेलं. मराठी माणसाने पुराजीवशास्त्र हा पूर्णवेळ पेशा म्हणून केल्याचं हे एक ठळक उदाहरण. कार्टरच्या पिढीने नोकरीतून वेळ काढून जे केलं, ते चिपळूणकरांच्या पिढीने विभाग, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी घेऊन केलं.

१९८५ मध्ये श्पिनार आणि होद्रोव्हा या चेक संशोधकांनी इंडोबॅट्रॅकसची हाडं पुन्हा तपासली. स्टोलिच्कानंतर सव्वाशे वर्षांच्या आत त्याच्याच देशातले लोक पुन्हा वरळीच्या बेडकापाशी आले.

आणि वय?

श्पिनार आणि होद्रोव्हा यांच्या निबंधाच्या शीर्षकात या बेडकाचं वय 'पूर्व इओसीन' दिलं आहे. हे नीट बघा, कारण इथेच विद्यार्थी अडकतात.

ट्रॅपचं वय हा जुना वाद. १९३४ मध्ये बिरबल साहनी यांनी 'करंट सायन्स'मध्ये हा प्रश्न सरळ विचारला: दख्खनचे ट्रॅप क्रिटेशस काळातले की त्यानंतरच्या टर्शरी काळातले? इंटरट्रॅपियन थरांतल्या ताडांसारख्या झाडांच्या आधारे त्यांचा कल टर्शरीकडे, इओसीनकडे होता. हे मत बराच काळ चाललं, आणि बेडकाला 'इओसीन' हे लेबल अशाच वातावरणात चिकटलं.

१९८०च्या दशकात किरणोत्सारी पद्धतींनी लाव्हाची वयं मोजली गेली आणि चित्र बदललं. ट्रॅपचा मुख्य भाग क्रिटेशसच्या अखेरीच्या आसपास, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भूशास्त्राच्या मानाने फार थोड्या काळात आला. डायनोसॉर संपले तोच हा सुमार. मग वरळीचा बेडूकही डायनोसॉरचा शेजारी का?

इथे मुंबईचं वेगळेपण येतं. ब्लॅनफर्डच्या काळापासून, म्हणजे १८६०च्या दशकापासून, भूशास्त्रज्ञांना माहीत आहे की विदर्भातले इंटरट्रॅपियन थर लाव्हाच्या तळाकडचे आणि मुंबईचे माथ्याकडचे. २००१ मध्ये हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं वय मोजलं ते सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं निघालं, म्हणजे मुख्य उद्रेकानंतर बऱ्याच काळाने. २००५ मध्ये क्रिप्स आणि इतरांनी मुंबईच्या गाळाच्या थरांतले परागकण आणि वनस्पतींचे कण तपासून ते थर डॅनियन काळातले, म्हणजे महाविनाशाच्या सीमारेषेनंतरचे, असल्याचं मांडलं.

वरळीचा थर याच गटात धरला तर बेडकाचा अर्थच बदलतो. तो डायनोसॉरचा शेजारी राहत नाही. डायनोसॉर गेल्यानंतर, लाव्हाचे लोट अजून थांबलेले नसताना, दोन लोटांच्या मधल्या एका तळ्यात जगणारा तो प्राणी ठरतो. महाविनाशातून कोण वाचलं, कसं वाचलं, आणि ज्वालामुखीच्या अंगणात गोड्या पाण्याचं जीवन परत कसं उभं राहिलं, हे प्रश्न आज जगभर चर्चेत आहेत. वरळीचा बेडूक त्या चर्चेतला साक्षीदार होऊ शकतो. ओवेनच्या वेळी हा प्रश्न अस्तित्वातच नव्हता. हाडं मात्र तीच आहेत.

मग अडचण कुठे आहे?

अडचण जागेत आहे. आज वरळीला जाऊन तो थर बघू म्हटलं तर कुठे बघणार? टेकडीवर इमारती, पायथ्याशी रस्ते. नवा नमुना काढायचा, त्याच्या बरोब्बर वरच्या लाव्हाचं वय मोजायचं, शेजारचे परागकण घ्यायचे, हे सगळं एका जागी करणं फार कठीण झालं आहे. म्हणून वरळीच्या थराचं वय सांगताना मुंबईच्या इतर ठिकाणच्या थरांशी जुळवूनच सांगावं लागतं. आणि ही जुळवणी करायला आधार काय? तर जुने लेख. कुठल्या थरावर कुठला थर होता, रंग काय, उतार कुठे, कोणत्या पट्ट्यात बेडूक आणि कोणत्यात सायप्रिस. १८५२चा कार्टर आणि १८६६ मध्ये सर्वेक्षणासाठी मुंबई बेटावर लिहिणारा विन यांच्या नोंदी आता केवळ इतिहास राहिलेल्या नाहीत. जागा गेली, त्यामुळे त्या नोंदी म्हणजेच जागा.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तुमच्या विषयातला एक नमुना किंवा एक निरीक्षण निवडा आणि त्याचा माग पहिल्या नोंदीपर्यंत काढा. प्रत्येक टप्प्यावर वहीत चार रकाने भरा: त्या माणसाने प्रत्यक्ष काय पाहिलं, काय नाव दिलं, वय किंवा कारण काय सांगितलं, आणि ते कशाच्या जोरावर सांगितलं. वरळीच्या बेडकासाठी हे केलंत तर लगेच दिसेल की पहिला रकाना १८४७ पासून फारसा बदललेला नाही. दुसरा दोनदा बदलला. तिसरा दोनदा. आणि चौथ्या रकान्यात कधी झाडं, कधी स्नायूंवरून लावलेलं वर्गीकरण, कधी आर्गॉनची मोजणी. 'इओसीन' हा शब्द कोणत्या रकान्यातून आला हे एकदा कळलं की तो डोळे मिटून उचलला जात नाही. आणि एखादा रकाना रिकामाच राहिला, तर तुमच्या सिनॉप्सिसचा प्रश्न तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.

मूळ लेख मिळत नाहीत ही तक्रार आता फारशी चालत नाही. एकोणिसाव्या शतकातली बरीचशी जर्नल्स स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. मुंबईत असाल तर फोर्टातल्या एशियाटिकच्या पायऱ्या चढून जा. कार्टरचा लेख ज्या जर्नलमध्ये छापला गेला ते याच संस्थेचं. जुनी इंग्रजी सुरुवातीला जड जाते, जातींची नावं बदललेली असतात, ठिकाणांची स्पेलिंगं भलतीच असतात. वरळीचं स्पेलिंगसुद्धा सगळीकडे एकसारखं मिळणार नाही, त्यामुळे शोधताना दोन-तीन प्रकारे टाइप करून बघा.

आणि तुमच्या स्वतःच्या फील्डवर्कच्या वहीत आज जे लिहाल ते जरा सढळ हाताने लिहा. नमुना कुठून घेतला, कोणत्या थरातून, शेजारी काय होतं, कोणत्या दिशेला उतार होता. गाईड म्हणतील, एवढं कशाला? तरी लिहा. मुंबईत आज उघडा दिसणारा खडक पुढच्या पावसाळ्यापर्यंत बांधकामाखाली गेलेला असू शकतो.

पुढच्या लेखात जातींच्या बदललेल्या नावांची यादी, म्हणजे सिनॉनिमी, कशी वाचायची आणि कशी लिहायची हे बघू. त्याआधी वरचा चार रकान्यांचा तक्ता तुमच्या विषयासाठी करून बघा. कुठे अडलात तर खाली जरूर विचारा.